मामांची हरकत

विकास आराखडा या विषयावर स्वतःहून, कुणी न विचारता, आनंदाने बोलणारा माणूस अख्ख्या भारतात एकच असावा आणि तो नेमका मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला यावा, हे मी तरी पूर्वजन्मीचं पाप समजतो. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलं की लोकांचे मामेसासरे पगार विचारतात. आमच्या मामांनी मी कुठल्या इमारतीत राहतो ते विचारलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हंजे तुमी पिवल्यात रावता. बरा हाय." आराखड्याच्या नकाशात राहण्याची जागा पिवळी, कारखान्यांची जांभळी आणि मोकळी हिरवी असते, हे मला खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण संपेपर्यंत समजावण्यात आलं. कालवण फर्मास होतं, म्हणून मी सगळं ऐकून घेतलं.

मामांना भिवंडी दिसते ती अशी रंगांत. धामणकर नाक्यावर आपल्याला ट्रक, रिक्षा आणि त्यांच्यामध्ये अडकलेले आपण एवढंच दिसतं. मामांना तिथे आराखड्यातला रुंद रस्ता दिसतो, आणि त्या न झालेल्या रस्त्यावरून ते इतक्या विश्वासाने चालतात की एकदा सरळ मोबाइलच्या दुकानात शिरले होते. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसले की मागे वळून उतारूंना विचारणार, "नारपोलीला दवाखाना कुठं पायजे, सांगा." पुतणीच्या हळदीत बेंजो ऐन रंगात आला असताना त्यांनी तो थांबवला, माइक घेतला आणि प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना द्यायची मुदत संपत आल्याचं वऱ्हाडाला कळवलं. नवरी रडायची ती हसायला लागली. मामी तेव्हापासून कुठल्याही कार्यात माइकजवळच बसते. "लोकांनी बोलला पायजे, जावयबापू," ते मला सांगत. "आन लोक बोलले का मंग आयकला पायजे. दुसरा काय लागतंय?"

लोक बोलत नव्हते, ही खरी अडचण होती. आराखड्यावर चर्चा करायला म्हणून मामांनी समाजमंदिरात एक सभा बोलावली. स्वखर्चाने खुर्च्या आणल्या, भिंतीवर नकाशा डकवला, चहाचा मोठा टोप चढवला. सभेला मामा होते, मी होतो आणि खुर्च्या परत न्यायला आलेला मंडपवाला होता. मामांनी त्यालाही मत विचारलं. तो म्हणाला, "लवकर आटपा." मामांनी आमच्या दोघांसमोर पुरं भाषण केलं आणि आभार मानले. खरं सांगतो, या गावाचं कधी काही होईल ही आशा मी त्याच दिवशी सोडली. टोपभर चहा मी आणि मंडपवाला किती पिणार!

या सगळ्या वेडामागे जमिनीचा एक तुकडा होता. नारपोलीत मामांच्या घराण्याची भातशेती होती. तिच्यावर यंत्रमागाच्या शेड उठल्या, चाळी उठल्या आणि उरलं एक खाचर. त्यात चाळींतली पोरं क्रिकेट खेळत आणि ड्युटी सुटलेले कामगार कडेच्या उंबराखाली आडवे होत. दिवसभर मागांची खटखट ऐकलेल्या माणसांना पाठ टेकायला दुसरी जागाच नव्हती. नव्या आराखड्यात हे खाचर हिरवं झालं, त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं, म्हणजे ती जागा महापालिका मैदानासाठी घेणार. आपल्या जमिनीवर आरक्षण पडलं की भिवंडीतला माणूस घरात कुणी गेल्यासारखा बसतो. मामांनी पेढे वाटले. सातबाऱ्यावर पुतण्यांचीही नावं होती आणि त्यांना तिथे गोदाम बांधायचं होतं, तेव्हा त्यांनी आरक्षण उठवा अशी हरकत घेतली. मामांनी आरक्षण ठेवाच अशी उलटी हरकत घेतली. आरक्षण राहिलं तर मैदान, उठलं तर गोदाम. पुतण्यांचा हिस्सा मोठा, त्यामुळे मामांच्या हातात या आराखड्याशिवाय काहीच नव्हतं.

सुनावणीची तारीख लागली तसे मामा चाळीचाळीतून फिरू लागले. नकाशा काखेत, चपला झिजलेल्या. प्रत्येक खोलीत आरक्षण, हरकत, सुनावणी सगळं समजावून सांगायचे आणि लोक मान डोलवायचे. मी मनात म्हणत होतो, कुणी कुत्रं येणार नाही.

आणि सुनावणीला अख्खी चाळ आली! माग बंद ठेवून, पगारावर पाणी सोडून, अंगावरचा सुताचा भुगाही न झटकता माणसं आली. सगळ्यांच्या पुढे यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर, आमचे सलीमभाई. मामांचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच खोटं कशाला बोलू. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्हा सगळ्यांचं काय म्हणणं आहे?"

सलीमभाई उठले. "साहब, हमारे मामा की जमीन पे आरक्षण डाल दिया है. ये गलत बात है. हटाओ!"

"हटाओ! हटाओ!" मागून सगळी गर्दी गरजली. भांडायच्या तयारीने आलेले पुतणे आधी आ वासून बघत राहिले आणि मग थोरल्याने टाळ्या सुरू केल्या.

झालं होतं ते इतकंच. अशा सुनावणीला आमच्या गावात जो जातो तो आपली जमीन सोडवायलाच जातो. स्वतःच्या जमिनीवर आरक्षण ठेवा म्हणून कुणी गयावया करील, हे त्या भल्या माणसांच्या डोक्यात शिरणारच नव्हतं. मामा दारोदार फिरताहेत, म्हणजे मामांची जमीन चालली आहे, एवढंच त्यांना कळलं होतं.

अधिकाऱ्यांनी अर्ज पाहिला. "मामा, तुमचा अर्ज तर उलटंच सांगतोय. तुम्ही बोला."

मी उठायला लागलो तर मामांनी माझं मनगट दाबून धरलं. ते मागे वळले. सलीमभाईंनी छातीवर हात ठेवून त्यांना खूण केली, आम्ही आहोत, घाबरू नका. मामांनी त्या सगळ्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली आणि ते पुन्हा अधिकाऱ्यांकडे वळले.

"साहेब," ते म्हणाले, "लोक बोलले. त्यांचा म्हनना त्यो माजा."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडलो. एक वाक्य बोलायचं होतं, एकच! मामा नकाशाची गुंडाळी करत म्हणाले, "माज्यासाटी ड्युटी सोरून आलती माणसा. त्यांना कसा सांगू, का तुमी माजाच गला कापला?"

आरक्षण उठलं. उंबर तुटला, गोदाम झालं. पोरं आता उभ्या ट्रकांच्या मधल्या बोळात खेळतात आणि ट्रक हलला की पळतात. सलीमभाई शेडमध्येच, खटखटीत, सुताच्या गोण्यांवर झोपतात. मामा कुणाला मत विचारत नाहीत. हल्ली रिक्षात गप्प बसतात. मला ते सहन होत नाही. परवा आम्ही गोदामावरून जात होतो तर सलीमभाई शेडमधून धावत आले. गोदाम म्हणजे मामांचं भलं झालं, अशी त्यांची पक्की समजूत. तोंडभर हसत म्हणाले, "क्यों मामा, जमीन बच गयी ना?"

मामांनी त्यांच्या खांद्यावरचा सुताचा भुगा हाताने झटकला.

"बच गयी, भाई," ते म्हणाले. "तुम लोग आये, इसलिये बच गयी."