ताटाची परीक्षा

वसई तालुक्यात जो कोणी घडाघडा बोलतो त्याची जीभ आपणच सैल केली आहे, असा पापडीच्या मावशीचा दावा होता, आणि तो तिच्या तोंडावर खोडून काढणारा माणूस मी तरी पाहिला नाही. ती माझी सख्खी मावशी नव्हे. नोकरीला जाणाऱ्या बायकांची मुलं ती सांभाळायची, म्हणून सगळ्यांचीच मावशी. पापडीत तिची पेरूची आणि केळीची लहानशी वाडी होती आणि वाडीत कौलारू घर. खालच्या खोल्यांत केळीचे घड आणि कोंबड्या यांचं राज्य, म्हणून मुलं वर, फळ्यांच्या माळ्यावर. एका वेळी सहा, कधी सात. त्यांच्या मधोमध ती पाय पसरून बसायची, एक मूल मांडीवर, एक पाठीवर, आणि तोंडाचा पट्टा सकाळी साडेसातला जो सुरू व्हायचा तो आम्ही संध्याकाळी मुलं न्यायला जाईपर्यंत. समोर मूल जागं नसेल तर ती झोपलेल्याशी बोलायची, तेही नसेल तर कोंबडीशी. मी एकदा विचारलं, मावशी, घसा दुखत नाही का? त्यावर म्हणाली, "बाय, पोराच्या कानात दिवसाला पायलीभर बोलनं पडलं पायजे, तवा वाटीभर भायेर येतं."

उशिरा बोलणाऱ्या मुलांवर तिचे ठरलेले उपाय होते. वेखंड मधात उगाळून जिभेला लावायचं, हा पहिला. दुसरा म्हणजे पोपटाने टोचलेला पेरू. वाडीतले चांगले पेरू ती बाजारात पाठवायची आणि टोचलेले पदरात गोळा करून माळ्यावर आणायची; ज्याचं तोंड उघडत नाही त्याला मोठी फोड. एका उतावळ्या बापाने विरारच्या बाजारातून किलोभर पेरू आणून दिले तर तिने एकेक फळ फिरवून पाहिलं आणि पिशवी परत केली. "चोच कुठं लागलीय ह्याला? हे तुमी खा." प्रत्येक मुलाचा पहिला शब्द तिच्या लक्षात असे आणि मोठेपणीही ती त्याला त्याच नावाने हाक मारी. बँकेत कामाला असलेला, टाय लावणारा एक तरुण नव्या नवरीला घेऊन भाजी घ्यायला आला असताना ही समोरच्या फुटपाथवरून ओरडली होती, "काय रं भाकू, बायको केलीस ती सांगितलंस पन नाय." भाकू बिचारा रस्ता ओलांडून पाया पडायला आला.

आणि सगळ्यांत महत्त्वाची ती ताटाची परीक्षा. नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी ती त्याला माळ्यावर पाठमोरं बसवायची आणि मागे जाऊन पितळेचं जड ताट जमिनीवर टाकायची. मूल दचकून वळलं की पास. "कान हायेत. जिभेचं मी बघते." एवढं बोलून ती ताट भिंतीला टेकवून ठेवी, आणि आई निश्चिंत मनाने ऑफिसला जाई.

चौऱ्याण्णव साली केतकी सहा महिन्यांची झाली तेव्हा मीही अशीच निश्चिंत मनाने गेले. ताट पडलं आणि माझी मुलगी अशी काही गर्रकन वळली की मावशीने तिची दृष्टच काढली. हसरी, गुटगुटीत पोर. वर्षाची झाली तरी बाबा नाही की मामा नाही, पण मावशीने दोन वर्षांनी बोललेल्यांची यादी ऐकवली. दीड वर्षाची झाली तेव्हा अडीच वर्षांनी बोललेल्यांची ऐकवली, आणि त्यातला एक आता पंचायतीत कोणाला बोलू देत नाही हेही सांगितलं. वेखंड झालं, पेरू झाले. इतर मुलांच्या वाट्याचं बोलणंही ती केतकीच्या कानात ओतायला लागली.

आमच्या इथल्या डॉक्टरांनी मात्र केतकीला पाहिल्यावर एक चिठ्ठी लिहून दिली. काळजीचं नसेलही, पण मुंबईला नेऊन कान तपासून घ्या, म्हणाले. मी ती चिठ्ठी घेऊन मावशीकडे गेले. तिला ते फार लागलं. तिने केतकीला माझ्यादेखत पाठमोरं बसवलं आणि ताट टाकलं. केतकी वळली आणि खदखदून हसली. "डागदराकडं हाय का असं ताट?" मावशीने विचारलं. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, आणि ती तिथे सव्वा वर्ष राहिली.

तीन वर्षं पूर्ण होत आली तेव्हा बालवाडीच्या बाईंनी केतकीला घ्यायचं नाकारलं, तेव्हा कुठे आम्ही मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. जाड भिंतींच्या बंद खोलीत तपासणी झाली. तपासणाऱ्या बाई माझ्याहून लहान होत्या. त्या म्हणाल्या, "हिला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. बहुतेक जन्मापासून." मी त्यांच्याशी भांडले. ताटाचा आवाज झाला की वळते हो ती, मी स्वतः पाहिलंय, असं तीनतीनदा सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तिथली जमीन कसली आहे?" मी म्हटलं, फळ्यांची. त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख पाहिली. मग म्हणाल्या, "फळी हादरते. तिला ते अंगाला कळतं. दीड वर्षाची असताना आणली असती तर खूप फरक पडला असता."

दुसऱ्या दिवशी मी पापडीला गेले आणि केतकीला कडेवर घेऊन, माळ्यावरच्या सगळ्या मुलांसमोर, मावशीला वाटेल ते बोलले. जन्मात पहिल्यांदा ती मध्ये बोलली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "तिला अशीच कडेवर धर." तिने ताट एका हातात उचललं आणि लाटण्याने त्यावर मारलं. केतकी माझ्या मंगळसूत्राशी खेळत राहिली. मावशी जवळ आली, पुन्हा मारलं. मग केतकीच्या कानाशी ताट आणून मारलं, मारतच राहिली. बाकीची मुलं कानांवर हात ठेवून रडायला लागली, खालच्या कोंबड्या उधळल्या, आणि माझी मुलगी मंगळसूत्राचे मणी एकेक करून सरकवत होती. शेवटी मीच मावशीचा हात धरला.

ती खाली बसली. ताट मांडीवर घेऊन म्हणाली, "म्हंजे अडीच वर्सं मी हिच्याशी बोलत व्हते, ते?"

"काही पोचलं नाही," मी म्हटलं.

"आनि लवकर नेली असती तर?"

तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं ते मी तिला शब्दन् शब्द सांगितलं. गाळलं असतं तर चाललं असतं. पण मला तेव्हा कोणीतरी रडलेलं हवं होतं, आणि ती रडली.

पुढची वर्षं सांगण्यात अर्थ नाही. केतकीच्या दोन्ही कानांमागे यंत्रं आली, मी नोकरी सोडली, मुंबईची खास शाळा सुरू झाली. आरशासमोर बसून एका 'प'साठी आम्ही दोघींनी दोन महिने घालवले. आज ती बोलते, पण परक्या माणसाला तिचं बोलणं दुसऱ्यांदा विचारावं लागतं, आणि त्याने दुसऱ्यांदा विचारलं की ती गप्प होते. पापडीकडे मी फिरकले नाही. मग एकदा यंत्राची दुरुस्ती करायला गेले असताना शेजारच्या बाकावर एक तरुण आई आठ महिन्यांचं बाळ घेऊन बसलेली दिसली. वसईचीच निघाली. कोणी पाठवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमच्या सांभाळणाऱ्या मावशींनी. कान तपासल्याचा कागद दाखवल्याशिवाय त्या मूल ठेवूनच घेत नाहीत. कोणीही येऊ दे, पहिल्यांदा हेच सांगतात की माझ्या हातून एका पोरीचं नुकसान झालंय." मी मान डोलावली. ती पोरगी माझ्याच शेजारी बसून चित्रांचं पुस्तक चाळत होती.

आता इतकं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहिते. ती डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली त्याच महिन्यातल्या एका रविवारी आमच्या ब्लॉकमधल्या स्वयंपाकघरात पोटमाळ्यावरून पिठाचा रिकामा डबा निसटला आणि लाद्यांवर पडला. केवढा आवाज झाला. नवरा आंघोळीला होता, तो आतून विचारत राहिला काय पडलं म्हणून. केतकी दारात, माझ्याकडे पाठ करून, चपलांची रांग लावत होती. तिने मान वळवली नाही. एक चप्पल उलटी झाली होती ती तिने सुलटी केली, बस. मी पाहिलं आणि मला कळलं. मी डबा उचलून जागेवर ठेवला, नवऱ्याला "काही नाही" असं सांगितलं, आणि सोमवारी सकाळी केतकीला पुन्हा मावशीकडे ठेवलं, कारण त्या सबंध वसईत ती एकटीच होती जी मला छातीठोकपणे सांगत होती की सगळं ठीक आहे. मला ते रोज ऐकायचं होतं.

मावशी आजारी आहे असं कळलं तेव्हा केतकी पंधरा वर्षांची होती. तिला घेऊन मी गेले, आणि हे सगळं सांगायचंच असं ठरवून गेले. मावशी खालच्याच खोलीत खाटेवर होती, अगदी एवढीशी झालेली. केतकीला पाहून ती उठून बसली, तिचा हात हातात घेतला आणि आपलं तोंड उजेडाकडे करून, एकेक शब्द सावकाश, ओठांवर दिसेल असा बोलायला लागली. हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. केतकीला सगळं कळत होतं. दोघी अर्धा तास बोलल्या, शाळेचं, चित्रांचं, कोंबड्यांचं, आणि मावशीने एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी बाजूला स्टुलावर चहा घेऊन बसले होते. निघताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मला माफ केलंस का, बाय?"

मी हो म्हणाले.

महिन्याभरात ती गेली. तो डबा पडला त्या रविवारी केतकीला मुंबईला नेलं असतं तर काय झालं असतं, हे मी आता कोणाला विचारत नाही. पण मावशीला मी नाही म्हणायला हवं होतं. माफ करण्यासारखं जे काही होतं ते निम्म्याहून जास्त माझं होतं, आणि ते सगळं आपलंच समजून ती निघून गेली.