तीनशे किलोमीटरवाले काका

मे महिन्यातला दुसरा रविवार. चिखलीच्या चार्जिंग स्टेशनवर हजर: मी, एक शिक्षिका, त्यांची मुलगी आणि दुसरबीडचे काका.

काकांची इलेक्ट्रिक गाडी दर भेटीत जास्त पळते. मागे एका चार्जिंगवर अडीचशे किलोमीटर जायची, आता तीनशे. एसी मात्र ते लावत नाहीत. डोक्याला ओला गमछा बांधतात.

"नवीन मॉडेल येऊन राह्यलं म्हणते," मी विषय काढला.

"काऊन घ्यावं? माही काय कमी जाते?"

मुलीला परीक्षेसाठी बुलढाणा गाठायचं होतं आणि बाईंची बॅटरी संपत आली होती. चार्जर एकच. काकांनी नुकतीच लावलेली आपली गाडी सोडवली.

"लावा ताई. माही हाय तेवढ्यात घरी जाते."

मी त्यांना थांबायला सांगितलं, पण ते निघालेच. थांबले असते तर बाईंनी संकोचून अर्ध्यातच गाडी काढली असती.

दुपारी त्याच रस्त्याने जाताना दुसरबीडच्या अलीकडे ट्रॅक्टरमागे दोराने बांधलेली त्यांची गाडी दिसली. काका आत खुशीत बसले होते.

"पोरगी पोचली नं टायमावर?" एवढंच त्यांनी विचारलं.

आमच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या गाड्यांची खरी रेंज मी गोळा केली आहे. काकांना विचारायचं अजून राहिलं आहे.