पहिल्या पाचात यायचं वय

आमच्या बातम्यांच्या ग्रुपचे किस्से सांगायला लागले की ऐकणारा विचारतोच, "मग सोडत का नाहीस?" सोडू कशी? रोज सकाळी एक नवा घडतो.

ग्रुप साधा आहे. पार्ल्यापासून दहिसरपर्यंतचे आठ जण आणि मुलुंडची मी. प्रत्येकाने एका बातमीचा पन्नास शब्दांत सारांश लिहायचा, मग सगळ्यांनी ऑनलाइन क्रमांक द्यायचे. पहिले पाच सारांश उपनगरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर जातात. बाकीचे गेले कचऱ्यात. मी सगळ्यात लहान, आणि माझा एकही सारांश कधी पाचात आला नव्हता. एक तरी लोकांपर्यंत जावा, एवढंच मला हवं होतं.

*

नेनेकाका पार्ल्याचे, बँकेतून निवृत्त, आमचे स्वयंघोषित संपादक. एकदा त्यांनी रस्त्याच्या खोदकामावर लिहिलं. पन्नास शब्द संपले तेव्हा ते अजून त्यांच्या लहानपणीच्या बैलगाड्यांपाशीच होते.

मी विचारलं, "काका, खोदलाय कुठला रस्ता?"

"ते मूळ बातमीत आहे की गं."

पहिला क्रमांक.

*

मग मी दहिसरच्या सावंतकाकूंना फोन केला. काकू मूळच्या मालवणच्या, खोटं बोलत नाहीत.

"काकू, माझा सारांश वाचलात?"

"नाय गो, वाचूक वेळ खंय गावता? नेन्यांका पयलो नंबर दितंय, मगे त्यांच्या खालच्यांका. वयान मोठे मां ते."

सगळेच वयानुसार क्रमांक देत होते, पंगतीत पान मांडावं तसे. म्हणजे मी पाचवी यायची तर वरचे चार जण जायला हवेत. नेनेकाका आपले रक्ताचे रिपोर्ट ग्रुपवर टाकतात. सगळे उत्तम आहेत.

*

एकदा काकूंनीच माझा सारांश आपल्या नावाने टाकला. आला तिसरा.

काकांनी लिहिलं, "बघा तरुण मंडळी, याला म्हणतात अनुभव."

काकू खूश होऊन म्हणाल्या, "माझो नाय तो. पोरीन लिवलोहा."

पाच मिनिटांत काकांनी क्रमांक बदलला. नववा. "आता परत वाचलं तर जरा उथळ वाटतंय."

*

आणि परवाचा किस्सा. पार्ल्यात राहणाऱ्या मैत्रिणीने तिच्या नळाच्या पाण्याचा फोटो पाठवला. चहाच्या रंगाचं पाणी. पाइप फुटला होता, पाणी उकळून प्या अशी सूचनाही निघाली होती. मी तेवढंच लिहिलं: कुठल्या गल्ल्या, काय करायचं.

नववा क्रमांक.

मी काकांना सरळ फोन केला. "काका, ही तुमच्याच गल्लीची बातमी आहे. आज तरी वर घ्या. लोक आजारी पडतील."

"अगं, सकाळी सकाळी लोकांना घाबरवायचं नसतं. आणि आमच्या पार्ल्याचं पाणी आम्ही जन्मापासून पितोय."

त्या दिवशी पहिला आला काकांचाच सारांश, त्यांच्या वर्गमित्राच्या पंचाहत्तरीचा. समारंभ त्याच दुपारी काकांच्याच गच्चीवर होता आणि ग्रुपमधले बहुतेक ज्येष्ठ जेवायला गेले. सरबत होतं म्हणे, भरपूर.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर शुकशुकाट. ना गुड मॉर्निंग, ना फुलं. मी तोच सारांश पुन्हा टाकला. क्रमांक द्यायला मी आणि सावंतकाकू, दोघीच.

दुपारी नेनेकाकांचा मेसेज आला.

"पहिला क्रमांक. नेमकं लिहिलंस. फक्त जरा आधी यायला हवं होतं."