विहिरीजवळची लाल माती

आई गेल्यावर बाबांनी घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलंच होतं. तरुणपणी नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात टर्नर म्हणून आलेले. सगळी नोकरी लेथवर लोखंड कातण्यात गेली. आता आनंद नगरच्या घरात दिवसभर खिडकीशी बसून असत. वर्षाचा गहू आम्ही रायसेन रोडवरच्या एका शेतातून आणतो. त्या उन्हाळ्यात मी त्यांना बळेबळेच सोबत नेलं.

पोती भरेपर्यंत बाबा बांधावर बसले. शेतातून वेचलेल्या दगडांचा तिथे ढीग होता. निघताना त्यांच्या हातात तळहाताएवढा, एका टोकाला निमुळता दगड दिसला.

"हा कुणीतरी घडवलाय," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी ठोके देऊन धार काढलीय, बघ."

मन रमवताहेत, असंच मला वाटलं. तरी ओळखीतून पुरातत्त्व खात्याच्या एका अधिकाऱ्यांना फोटो पाठवला. पुढच्याच आठवड्यात ते आमच्यासोबत शेतावर आले. दगड उलटसुलट करून म्हणाले, "हातकुऱ्हाड आहे. माणूस शेती करायला लागला त्याच्या फार आधीची. पण ढिगातून उचललीत. नेमकी कुठे होती ते कळायला हवं होतं."

बाबांचा चेहरा उतरला.

शेतमालकाची बायको, जिला मी भाभी म्हणते, मागे उभी होती. ती म्हणाली, "ये कुएँ के पास की है. वहीं की मिट्टी लाल है, देखो, अब भी लगी है."

"तूने कभी बताया नहीं," नवरा म्हणाला.

"किसी ने पूछा कब?"

लग्न होऊन आल्यापासून दर पेरणीआधी त्या शेतातले दगड तिनेच टोपलीने वाहिले होते. ती आम्हाला विहिरीपाशी घेऊन गेली. तासाभरात मातीत अर्धवट रुतलेली तशीच आणखी तीन हत्यारं सापडली. अधिकाऱ्यांनी नकाशा काढला, तो तिला विचारून विचारून.

हत्यारं खात्यात जमा झाली. अजून कुणी खोदायला आलेलं नाही. शेतात पेरणी-कापणी चालूच आहे. भाभी मात्र आता निघालेले दगड जागेनुसार वेगळे ठेवते आणि बाबा दर गुरुवारी बसने जाऊन ते बघतात. घरी आले की जेवताना बोलतात.

बागेत जा, भजनाला जा, असं मी त्यांना किती सांगितलं होतं. भाभीने त्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "बाबूजी, अगले हफ़्ते आओगे न?" तिचे आभार मी अजून नीट मानलेले नाहीत. मानायला गेले की ती चहा टाकते आणि बाबांच्या गुडघ्यांची चौकशी करते.