सरासरीत न धरलेल्या गाड्या

"मॅडम, हे हिरवं आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंच ना?" दामले साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"हो," मी म्हणाले.

बाहेर ट्रक हॉर्न देत होते. मीटिंग रूमच्या काचा बंद होत्या, एसी चालू होता, तरी ऐकू येत होतं. गेटवरची रांग पार बिरवाडीच्या रस्त्याला लागली होती आणि मी तिच्याच कडेकडेने रिक्षातून आत आले होते. तरी हो म्हणाले. कारण ग्राफ हिरवा होता.

"मग तेवढं मेलवर लिहून द्या. अ‍ॅप्लिकेशन व्यवस्थित चालतंय म्हणून."

मी तिथेच बसून मेल लिहिला आणि चहा यायच्या आत पाठवलासुद्धा. एरवी माझ्या हातून इतकं झटपट काम होत नाही.

मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. घर महाडला, म्हणून या बाजूचे दोन-चार ग्राहक माझ्या वाट्याला आलेत. त्यातलाच हा कारखाना. नाव सांगत नाही. दामले साहेबांकडे तिथलं डिस्पॅच आणि कॉम्प्युटर दोन्ही. आमचं प्रॉडक्ट म्हणजे जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. ते स्वतः काही करत नाही. दुसऱ्याचं काम किती वेळात होतंय ते मोजत बसतं. आमच्या सासूबाई हल्ली ओट्याशी येत नाहीत, पण बाहेर बसून कुकरच्या शिट्ट्या मोजतात, तसं. हे उदाहरण मी त्यांना सोडून सगळ्यांना सांगते.

या टूलचा एक छोटा तुकडा, त्याला एजंट म्हणतात, ग्राहकाच्या सॉफ्टवेअरला चिकटून बसतो. कोणी बटण दाबलं की उत्तर यायला किती वेळ लागला ते टिपतो. त्या सगळ्याची सरासरी काढून ग्राफ होतो. वेळ कमी तर हिरवा, जास्त तर लाल. बस.

टूलच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. प्रत्येकीबरोबर काय काय बदललं ते लिहून येतं, ते रिलीज अपडेट. ग्राहकाला समजेल अशा भाषेत ते सांगणं हे माझं काम. रिलीज अपडेट सहसा कोणी वाचत नाही. मी अथपासून इतिपर्यंत वाचते. याचा मला चांगलाच गर्व होता.

कारखान्याचं दुखणं गेटवर होतं. माल भरलेला ट्रक बाहेर पडायचा तर गेटपास लागतो. गेटवरचा क्लार्क गाडीचा नंबर, चलन, ड्रायव्हरचं नाव भरतो, 'सेव्ह' दाबतो, पास छापून येतो. हे गेटपासचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच एका कंपनीचं. ते भयंकर हळू चालायचं. आमचा ग्राफ लालभडक. दामले साहेब त्या कंपनीला झापायचे, ते नेटवर्कवर ढकलायचे, आणि रांग वाढायची.

तेवढ्यात आमची नवी आवृत्ती आली. मी कॉलवर दामले साहेबांना अपडेट वाचून दाखवलं. त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे. "या आवृत्तीपासून टाइमआउट झालेल्या रिक्वेस्ट सरासरीत धरल्या जाणार नाहीत. त्या 'एरर्स' या वेगळ्या टॅबमध्ये दिसतील."

टाइमआउट म्हणजे, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही की सॉफ्टवेअर त्या कामाचा नाद सोडून देतं. पान कोरं होतं, पुन्हा पहिल्यापासून भरा.

"म्हणजे नेमकं काय होणार?" दामले साहेबांनी विचारलं.

"कचरा कमी होणार, साहेब. ग्राफ एकदम स्वच्छ दिसेल."

"वा!"

ग्राफ स्वच्छ झाला. लालाचा हिरवा झाला. योगायोग असा, की त्याच सुमारास गेटपासवाल्यांनी सर्व्हरवर काहीतरी खुडबुड केली होती. ग्राफ हिरवा दिसल्याबरोबर त्यांनी पाठ थोपटून घेतली. दामले साहेब खूश, मीही खूश. रांग मात्र तिथेच. मग साहेबांनी हिशेब मांडला. सॉफ्टवेअर फास्ट झालं, तरी रांग हलत नाही, म्हणजे गेटवरचा माणूस स्लो. त्यांनी कंत्राटदाराला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून तिथे दुसरा माणूस द्या. पुरावा म्हणून माझा मेल जोडला.

तो गेटवरचा माणूस म्हणजे संतोष. आणि संतोष म्हणजे माझा दीर. सख्खा नाही, ह्यांच्या काकांचा मुलगा, आमच्या कापडे गावचा. कंत्राटदाराकडून लागलेला. बिरवाडीत खोली घेऊन राहायचा. बरीच वर्षं घासल्यावर यंदा त्याला कायम करायचं चाललं होतं. पोलादपूर तालुक्यात मोरे इतके, की त्याचं-माझं आडनाव एक आहे म्हणून दामले साहेबांना काही वाटलं नाही. मीही सांगितलं नाही.

का नाही? कारण नात्यातल्याची बाजू घेते असं कोणी म्हणू नये, याची मला फार धास्ती. ही आमच्या घराण्याचीच खोड आहे. हे शाळेत गणित शिकवतात. सख्खा पुतण्या वर्गात होता तेव्हा त्याला पाव मार्कसुद्धा वाढवून दिला नाही, आणि वर हे कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरले. पुतण्याने नव्हे, ह्यांनी. मीही तोच कित्ता गिरवला. कारखान्यात जाताना गेटच्या केबिनसमोर मी मोबाईलमध्ये डोकं घालायची. संतोष हसायचा. मी अनोळखी बाईसारखी मान हलवायची.

तो एकदा घरी काकड्या घेऊन आला होता, तेव्हा म्हणालाही होता. "वयनी, त्या सेवला दाबला ना, की नुसता चाक फिरतंय. मग पान मरतं. ते परत भरायचं. ड्रायवर शिव्या घालतात."

"बघू हां," मी म्हणाले. "ऑफिसचं घरी नको."

काकड्या मात्र ठेवून घेतल्या.

गणपतीत सगळे कापड्याला जमलो. मागच्या पडवीत आम्ही बायका अळू चिरत बसलो होतो. संतोषची आई, आमच्या काकी, माझ्यासमोर येऊन बसल्या.

"काय गो, तुज्या कांपुटरनं माज्या पोराला नापास केलान म्हनं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

"काकी, कॉम्प्युटर माझा नाही, कंपनीचा आहे."

"आनि कागद कुनी धाडलान? तो तरी तुजाच ना?"

आता कोणी हसलं नाही. अळूने हात खाजत होते, तेवढंच एक निमित्त मला खाली बघायला. तेवढ्यात संतोष नारळ सोलून घेऊन आला. त्याने ऐकलं असणार.

"आये, जाव दे ना. वयनीला जा दिसला ता वयनीनं लिवलान. ती काय खोटा लिवनार हाय?"

काकींनी शिव्या दिल्या असत्या तर मी तोंड उघडलं असतं. पण जे दिसलं ते लिहिलं, असं तो सगळ्यांदेखत म्हणत होता, आणि मी तर बघायलाच गेले नव्हते.

परत येताना गाडीत हे म्हणाले, "तू गेटवर जाऊन बघितलंस?"

"ग्राफ बघितला."

"मी गेटचं विचारतोय."



सुट्टी संपल्यावर मी कारखान्यात गेले ती सरळ गेटच्या केबिनमध्ये. संतोष गडबडून उठला, खुर्ची पुसायला लागला.

"तू बस. काम कर. मी नुसती बघते."

पहिली गाडी नवीन होती, परराज्यातली. पास झर्रकन आला. माझ्या जिवात जीव आला. याचीही आता लाज वाटते, कारण मी बरोबर ठरावं आणि तो चूक, हेच त्या क्षणी मला हवं होतं.

दुसरी गाडी नेहमीची. संतोषने भरलं, सेव्ह दाबलं. चाक फिरायला लागलं. फिरत राहिलं. ड्रायव्हर खिडकीतून आत डोकावला. "काय भाव, झोपला काय तुजा मशीन?" चाक फिरता फिरता पान कोरं झालं. संतोषने पुन्हा गाडीचा नंबर टाकायला घेतला. त्याची बोटं माझ्यापेक्षा जोरात चालत होती. पुन्हा चाक, पुन्हा कोरं पान.

मी मोबाईलवर आमचा ग्राफ उघडला. हिरवागार.

तेव्हा मला ती ओळ आठवली. आठवली म्हणजे काय, विसरले कधीच नव्हते. कॉलवर मोठ्याने वाचलेली, वर 'कचरा' म्हणून समजावून सांगितलेली. जो पास आला तो सरासरीत. जो आलाच नाही तो सरासरीच्या बाहेर. आमच्या टूलने लपवाछपवी केली नव्हती. लिहून कळवलं होतं, आणि ते वाचणारी मीच होते. त्या 'एरर्स' टॅबचा अलर्ट ग्राहकाकडून चालू करून घ्यायचा, असंही खाली लिहिलेलं होतं. तो मी करून घेतला नव्हता.

टॅब उघडला. लालच लाल. संतोषची सगळी सकाळ त्यात होती.

बाहेर येऊन पुण्याला अभिजितला फोन लावला. अभिजित माझा बॉस, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान.

"मॅडम, मेल मागे घेऊ नका. क्लायंट म्हणेल टूलच चुकीचं आहे."

"टूल बरोबर आहे. मी चुकीचं वाचलं."

"मग 'सुधारित निरीक्षण' असं काहीतरी लिहा ना. माणसाचं कशाला मध्ये आणताय?"

"मध्ये माणूसच आहे रे. त्याला काढतायत."

"मला कॉपीत ठेवा," तो म्हणाला. तो तरी आणखी काय म्हणणार?

दामले साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, एक विचारू? हा मोरे तुमच्या नात्यातला निघाला म्हणे. कंत्राटदार सांगत होता."

ज्या वाक्याला मी इतके महिने भ्यायले, ते शेवटी असं समोर आलं, आणि तेही मी पहिल्यांदा खरं बोलत असताना.

"दीर आहे माझा," मी म्हणाले. "आधी सांगायला हवं होतं. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, हा टॅब बघा."

"टाइमआउट तर तुम्हीच कचरा म्हणाला होतात."

"म्हणाले होते. साहेब, तुम्ही महाबळेश्वरला जाता ना? समजा आंबेनळी घाटात दरड आली. निम्म्या गाड्या परत फिरल्या. ज्या वर पोचल्या तेवढ्यांचाच वेळ काढला तर घाट कसा दिसेल?"

"मोकळा."

"तो मोकळा घाट मी तुम्हाला दाखवला. परत फिरलेल्या गाड्या या टॅबमध्ये आहेत."

साहेबांनी चष्मा लावून टॅब खाली-वर केला. मग गेटपासवाल्यांना फोन लावला. त्यांना जे ऐकवलं ते मला ऐकवायला हवं होतं. मी बाई म्हणून त्यांनी आवरलं असावं.

कारण साधंच निघालं. जुने गेटपास कोणी कधी बाजूला काढलेच नव्हते. गाडी नेहमीची असली की सॉफ्टवेअर तिचे मागचे सगळे पास चाळायचं आणि त्यातच दमायचं. गाडी नवीन असली की चाळायला काहीच नसायचं. गेटपासवाल्यांनी जुना ढीग हलवला आणि रांग संपली. संतोष गेटवरच राहिला. दुसरा माणूस आलाच नाही.

पण कायम करायची नावं तोवर हेड ऑफिसला गेली होती. त्यात संतोष नव्हता. मी दामले साहेबांना विचारलं. "पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. मी दुरुस्तीचा मेल हेड ऑफिसलाही पाठवला. साध्या शब्दांत, माझी चूक म्हणून. उत्तर आलं नाही. मेल मिळाल्याची पोच तेवढी आली, ती कॉम्प्युटरने आपोआप पाठवलेली.

संतोष अजून घरी येतो. तसाच बोलतो, तसाच हसतो. परवा त्याचा मोबाईल बिघडला. असं काही झालं की आधी तो माझ्याकडे यायचा, मला त्यातलं फारसं कळत नसलं तरी. या वेळी परस्पर दुकानात देऊन आला. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाला, "तुमाला कशाला तरास, वयनी."

रिलीज अपडेट मी अजूनही ग्राहकांना वाचून दाखवते. आता प्रत्येक ओळीनंतर विचारते, याने कोण दिसायचं बंद होणार? कॉल लांबतात, अभिजित कुरकुरतो. ग्राहकाचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही, असा आमच्या कंपनीचा नियम आहे आणि मी तो कटाक्षाने पाळते. घरच्या माणसाला तेवढी सवलत द्यायला कंपनीने कधीच मनाई केली नव्हती.