पेटता कंदील

अमीरबीनं तव्यावर भाकरी टाकली आणि दार वाजलं. पिठाच्या हातानंच ती उठली. दारात दीर कलीम. काही न कळवता परदेशातून आलेला माणूस आत येईना, बसेना. भाकरी करपल्याचा वास आला तरी दोघं तसेच उभे. मग तो म्हणाला, "भाभी, भाई गेले. तिकडंच दफन केलं."

तिचा नवरा खाजामियाँ कंधारात विहिरी साफ करायचा. बापाचाच धंदा. जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. विझला, की खालची हवा विषारी; मग मालक कितीही ओरडो, त्या दिवशी उतरायचं नाही. पुढं जिकडंतिकडं बोअर झाले, विहिरी बुजल्या, आणि कलीमच्या मागोमाग तोही गेला, दूरदेशी वाळवंटातल्या झऱ्याकाठच्या एका जुन्या गावी. तिथं द्राक्षं पिकत, त्यांची दारू होई, आणि दारूच्या कंपनीत तो टाक्या साफ करी. मोहल्ल्यात अमीरबी सांगे, मनुक्याच्या कारखान्यात हायेत.

आता दारू उघडी पडलीच. वर कंपनीचं म्हणणं, पिऊन टाकीत पडला. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस! शेजारची उमाबाई मायेनंच बोलली, "तिकडं गेल्यावर लागली असंल गं." ते अमीरबीला मरणापेक्षा जड गेलं.

काही तक्रार नाही अशा कागदावर सही करायला कंपनीनंच तिला बोलावलं. कलीमसोबत ती गेली. नजर जाईल तिथवर वाळू, आणि मधेच हिरवंगार गाव, पाटानं वाहतं पाणी. शेकडो वर्षांच्या तळघरांपुढं पाहुणे फोटो काढत होते, कंधारच्या किल्ल्यात काढतात तसेच. कुणीतरी तिच्याही हातात पेला दिला. तिनं तो कट्ट्यावर ठेवला आणि टाकी कुठं आहे ते विचारलं.

हंगाम चालू होता. टाकीच्या तळाशी द्राक्षांचा चोथा आंबत होता. तिनं कलीमला विचारलं, कंदील सोडला नव्हता? त्यानं मान खाली घातली. मी आठवण करून दिली होती, म्हणाला. भाईच हसले. म्हणाले, "ही काय विहीर हाय का? चकचकीत टाकी, पाण्याचा टिपूस न्हाई."

अमीरबीनं टाकीच्या काळ्या तोंडाशी जाऊन आत पाहिलं. कंपनीच्या साहेबानं कागद पुढं केला. तिनं तो हातात घेतला नाही. कलीमला म्हणाली, यांना यांच्या भाषेत सांग.

"सहीचं मागून बघू. आधी ह्या टाकीत एक पेटता कंदील सोडा, अन् समद्यांनी वाकून बघा."