धरणातली लांब सावली

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, आईलाही नाही. चौथीपर्यंत शिकले, चार माणसांत बोलायला जीभ वळत नाही — पण गप्प राहिले ते त्यामुळे नाही. गप्प राहणं सोयीचं होतं.

नाशिकला आमचा छोटा फोटो स्टुडिओ होता. तेव्हा रोलचा जमाना. बायकांना माझ्यापुढे बसायला बरं वाटायचं, म्हणून ह्यांनी मला कॅमेरा शिकवला. पण मला वेड लागलं ते वेगळ्याच फोटोंचं — सगळी जमीन मोकळी, वर मोकळं आभाळ, आणि कुठेतरी एकच माणूस, मुंगीएवढं. चेहरा दिसायचा नाही. मला माणसांच्या तोंडाकडे बघायची लाज, म्हणून तर नसेल?

ते एक माणूस म्हणजे माझी धाकटी जाऊ, शैला. उन्हाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी मागे हटलं की खालची जमीन उघडी पडते. तिथे मी तिला लांब पाठवायची. हाक पोचायची नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या. हात वर केला की उभं राहायचं. पदर हलवला की परत यायचं.

त्या दिवशी तिला तिसरा महिना होता. निघताना म्हणाली, "ताई, आज लवकर सोडा बरं का. नाहीतर तुमच्या फोटोत माणूस नाही, नुसती साडी पडलेली दिसेल." दोघी हसलो.

भर दुपारी पोचलो. तिची सावली पायाशी गोळा झालेली. मला लांब सावली हवी होती. आणि लांब सावलीला काय लागतं? वेळ लागतो. मी काठावर झाडाखाली होते, पाण्याची बाटली जवळ घेऊन. ती मधेच खाली बसली. मी हात वर केला. ती उठली. पुन्हा बसली. मी पुन्हा हात वर केला. त्या हाताची किळस येते — आणि हे लिहितोय तोही तोच हात.

त्याच आठवड्यात तिचा गर्भ पडला. डॉक्टरीणबाईंनी उन्हाचं नाव घेतलं नाही, पण मी त्याच्याआड लपत नाही. सासूबाईंनी विचारलं, ही उन्हात कशाला उभी होती? शैला पलंगावर पडून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मी म्हणत होते, सावलीत बस. ऐकलंच नाही."

"हिला लय हौस उन्हात मिरवायची," सासूबाई म्हणाल्या. आणि पुढे कितीतरी दिवस, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणतच राहिल्या. शैलाने तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं? मला वाचवायला? की माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं? अजून ती मला ताई म्हणते. हसत मात्र नाही.

फोटो ह्यांनी मोठा करून स्टुडिओत लावला. गिऱ्हाईकं म्हणायची, किती शांत वाटतं. मी फोटोकडे पाठ करून बसायची — आणि तरी, खरं सांगते, आतून बरंही वाटायचं. याहून घाण काय असतं? पुढे स्टुडिओ बंद झाला, फोटो घरी आला. दर दिवाळीला त्याची काच शैलाच पुसते.

एक राहिलं. इतका वेळ तेच टाळत होते.

लांबून मला काही कळलं नाही, असं मी म्हणू शकले असते. पण लेन्समधून दिसत होतं. फोटोतही आहे, तिळाएवढं. कुणाच्या लक्षात येत नाही. तिचा एक हात पोटावर आहे. दुसऱ्या हातात पदर आहे, उंच धरलेला. आमचीच खूण ती मला करत होती. तो पदर वाऱ्यावर छान उडाला, म्हणून मी तेव्हाच बटण दाबलं.